कासूहून द्राक्षमळ्याकडे

मुंबईहून पालीच्या बल्लाळेश्वराच्या दर्शनास जाणाऱ्या आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं कासू हें गांव पाहिलें असेल. पण पाहिलें तें मोटारीच्या कांचेंतून. पेण मागें टाकून वडखळचा नाका ओलांडला, कीं नागोठणें येईपर्यंत जो सपाट मुलूख लागतो, त्यांत कासू आहे. दिवा–रोहा मार्गावरील गाडी तेथें क्षणभर थांबते व पुढें जाते. पूर्वेस डोंगरांच्या ओळी, पश्चिमेस आंबा नदी धरमतरच्या खाडीकडे जाते तो सखल प्रदेश, आणि मध्यें भाताचीं खाचरें, असा हा देखावा आहे. प्रसिद्ध देवस्थान नाहीं, किल्ला नाहीं, समुद्राची वाळू नाहीं. मुंबई–गोवा राजरस्त्याच्या रुंदीकरणाचें काम २०११ सालीं सुरू झालें, त्या कामाची धूळ मात्र या गांवाच्या वाट्यास वर्षानुवर्षें आली. रस्त्यानें जाणारे हजारों आहेत; उतरणारा क्वचित्.

अशा या गांवाचा द्राक्षांच्या वाइनशीं काय संबंध, असें वाचक विचारतील. तो संबंध जोडून दिला तो आमच्या घरीं कित्येक वर्षें वाल व तांदूळ ज्यांच्याकडून येतात त्या शेतकरी गृहस्थांनीं. गेल्या पौषांत ते वालाची गोणी घेऊन आले, चहा झाला, आणि उठतां उठतां त्यांनीं विषय काढला. डोंगराच्या पायथ्याशीं त्यांची दोन एकर वरकस जमीन आहे. ती दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यानें द्यावी, अशी बोलणी एक दलाल करीत होता. तेथें द्राक्षांचे वेल लावावयाचे, पाहुण्यांसाठीं टुमदार घरें बांधावयाचीं, वाइन प्यावयास द्यावयाची, आणि नाशिकप्रमाणें शहरी मंडळींची रीघ लागावयाची, असा एकंदर बेत होता. रक्कम एकदम मिळणार होती. उत्तर होळीनंतर द्यावयाचें होतें.

"काका, तुम्ही शिकलेलीं माणसें," ते म्हणाले, "एकदां डोळ्यांनीं बघून या, आणि खरें तें सांगा. मुलगा म्हणतो द्या, त्याची आई म्हणते नको. माझें मन ठरत नाहीं."

जमिनीचा प्रश्न या जिल्ह्यांत हलक्या हातानें सोडविण्याजोगा नाहीं. १९३३ पासून जवळजवळ सहा वर्षें अलिबागजवळील चरी गांवच्या कुळांनीं नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालीं संप करून खोतांची शेतें पडीक ठेविलीं, तें याच जिल्ह्यांत. २००८ च्या सप्टेंबरांत विशेष आर्थिक क्षेत्रासाठीं जमीन द्यावी कीं नाहीं यावर बावीस गांवांतील शेतकऱ्यांचें मत सरकारनें घेतलें, तें याच पेण तालुक्यांत. बहुतेकांचा कल नकाराकडे होता, आणि तें क्षेत्र तेथें उभें राहिलें नाहीं. तेव्हां या गृहस्थांस नुसतें 'पाहूं, विचार करूं' म्हणून वाटेस लावणें आम्हांस प्रशस्त वाटलें नाहीं. माघांत नाशिकास जावयाचें ठरलें.

घरांत प्रथम वादच झाला. आमच्या आत्याबाईंचें म्हणणें असें कीं, मद्याच्या कारखान्यास तीर्थयात्रेसारखें सहकुटुंब जाणें शोभत नाहीं. आम्हीं त्यांना त्यांच्याच फडताळांतील द्राक्षासवाची बाटली दाखविली. हें आसव म्हणजे तरी काय? मनुका, गूळ आणि धायटीचीं फुलें यांचें मिश्रण मडक्यांत मुरत ठेवावयाचें; आंबण्याच्या क्रियेनें त्यांत आपोआप मद्यांश उत्पन्न होतो, आणि त्यामुळेंच तें टिकतें. आत्याबाई क्षणभर थांबल्या व म्हणाल्या, "तें औषध आहे. चमच्यानें घेतात." या उत्तरांत जें शहाणपण होतें तें आम्हांस पुढें प्रवासांत वारंवार आठवलें. असो. त्या आमच्याबरोबर निघाल्या, हें मुख्य.

कासूच्या स्टेशनावरून गाडींत बसलों, दिव्यास व कल्याणास गाडी बदलली, आणि कसाऱ्याचा घाट चढूं लागलों. घाट संपून इगतपुरी मागें पडली, कीं हवेंतील फरक अंगास कळतो. कोंकणांतील दमटपणा जाऊन कोरडा गार वारा लागतो. आमचा अर्धा प्रश्न येथेंच सुटला असें म्हणतां येईल. द्राक्षवेलीला पाण्याचा तोटा सोसतो, पण ओल सोसत नाहीं. पानांवर ओल राहिली कीं 'केवडा' येतो, हवा ढगाळ व सर्द झाली कीं 'भुरी' पडते. पेणच्या बाजूस वर्षाकांठीं सुमारें तीन हजार मिलिमीटर पाऊस; निफाडकडे त्याचा सुमारें पांचवा हिस्सा. एवढ्या पावसांत वेल लावतां येतो, मांडवावर चढवितांही येतो. पण त्याच्या घडांवर संसार चालवितां येत नाहीं.

नाशिकच्या शेतकऱ्यानें या वेलीला जें वळण लाविलें आहे तें पाहण्याजोगें आहे. युरोपांत हिंवाळ्यांत बर्फ पडतें, वेल झोपी जाते, तिची वर्षांतून एकदां छाटणी होते, आणि सप्टेंबर–ऑक्टोबरांत द्राक्षें तोडतात. आपल्याकडे वेलीला झोप म्हणून नाहीं. म्हणून येथें वर्षांतून दोन छाटण्या करतात. एप्रिलांत 'खरड छाटणी', तींत फळ धरणारी काडी तयार व्हावयाची. आणि पावसाळा सरतांना, सप्टेंबर–ऑक्टोबरांत, 'गोडी छाटणी', तिच्यापासून फळ यावयाचें. मग जानेवारीपासून मार्चपर्यंत तोडणी. जगांतील बहुतेक द्राक्षमळे उघडेबोडके असतात त्या महिन्यांत नाशिकचे घड रसानें भरलेले असतात. बाहेरच्या प्रवाशास हें मोठें नवल वाटतें.

खाण्याचीं द्राक्षें नाशिकास जुनीं. वाइनचा धंदा मात्र आपल्या डोळ्यांदेखतचा. त्याच्या आधीं, १९८० नंतरच्या दशकांत, पुणें जिल्ह्यांतील नारायणगांवीं शामराव चौगुले यांनीं फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीनें फेसाळ वाइन तयार केली, व 'ओमर खय्याम' या नांवानें ती परदेशीं गेली. नाशिकास राजीव सामंत हे अमेरिकेंतून परतल्यावर त्यांनीं गंगापूर धरणाच्या परिसरांतील आपल्या कुटुंबाच्या जमिनींत वाइनच्या जातीचे वेल लाविले, आईच्या सुलभा या नांवावरून मळ्यास 'सुला' नांव दिलें, आणि २००० सालीं पहिली वाइन बाजारांत आणिली. २००१ सालीं महाराष्ट्र सरकारनें द्राक्षप्रक्रियेचें स्वतंत्र धोरण काढून अबकारी करांत सवलत दिली. विंचूर व पलूस येथें खास वाइन उद्यानें आंखलीं. २००५ सालीं सुलानें मळ्यांतच वाइनची चव घेण्याची खोली उघडली. पुढें आणखी मळेवाल्यांनीं तोच कित्ता गिरविला, आणि २०१० सालीं 'नाशिक व्हॅली वाइन' या नांवास भौगोलिक निर्देशांकाचें संरक्षण मिळालें.

मळ्यांत पाहुणे बोलावण्याची युक्ति मुळांत परदेशची. जर्मनींत १९३५ सालीं द्राक्षांच्या मुलखांतून जाणारा एक रस्ता मुद्दाम 'वाइनचा रस्ता' म्हणून घोषित झाला. पीक उदंड आलें होतें, माल खपत नव्हता, म्हणून गिऱ्हाइकासच उत्पादकाच्या दारीं आणावयाचें, हा हिशेब. दक्षिण आफ्रिकेंत स्टेलेनबॉश येथें १९७१ सालीं असाच मार्ग निघाला. गिऱ्हाईक दारीं आलें कीं बाटली विकली जाते. शिवाय गांवांतली खानावळ चालते, गाडीवाला चालतो, भाजी विकणारीस दोन पैसे मिळतात. वाइन–पर्यटन म्हणून ज्याचा बोलबाला आहे, त्याचें सार एवढेंच.

आम्ही दिंडोरीच्या वाटेवरील एका लहानशा मळ्यांत उतरलों. तोडणी ऐन भरांत होती. पहांटे, ऊन होण्यापूर्वीं, बायका कात्र्या घेऊन ओळींतून फिरत होत्या. घड गार असतांनाच कारखान्यांत पोंचावे लागतात. सकाळीं एका तरुण मुलीनें आम्हांस सर्व फिरवून दाखविलें. ती जवळच्याच गांवची, नाशिकच्या कॉलेजांत शिकलेली. तिनें काळ्या द्राक्षाचा एक मणी नखानें फोडून दाखविला. आंतील रस जवळजवळ पांढराच. रंग सालींत असतो. म्हणून पांढऱ्या वाइनसाठीं द्राक्षें प्रथमच पिळून घेतात, आणि तांबडीसाठीं सालीसकट आंबवितात. पोलादी टाक्यांभोंवतीं थंड पाणी खेळविलेलें असतें, कारण किण्व साखर खाऊं लागलें कीं ऊष्णता वाढते, आणि ती आवरली नाहीं तर सुवास उडून जातो. कांहीं वाइन ओक लांकडाच्या पिंपांत महिनोन्‌महिने राहते. त्या तळघरांत आंबूस–गोड वास भरून राहिला होता. आत्याबाई म्हणाल्या, "लोणच्याच्या खोलीसारखा आहे." त्या मुलीनें हंसून मान डोलाविली.

नंतर चव घेण्याचा विधि झाला. पेल्यांत दोन घोट ओतावयाचे, उजेडाकडे धरून रंग पाहावयाचा, पेला हलवून वास घ्यावयाचा, घोट जिभेवर फिरवावयाचा, आणि वाटल्यास समोरच्या भांड्यांत थुंकून टाकावयाचा! आमच्यापैकीं एकदोघांनीं चव पाहिली; आत्याबाईंनीं द्राक्षांचा ताजा रस घेतला. तेथें कोणी त्यांस आग्रह केला नाहीं, कीं कोणी त्यांच्याकडे नवलानें पाहिलें नाहीं. मात्र दुपारनंतर चित्र पालटलें. शहरांतून आलेला तरुणांचा एक घोळका चवीच्या पुढें गेला होता. मोटारींत गाणीं लागलीं, ओरडा सुरू झाला, आणि तोडणीवरून परतणाऱ्या बायका रस्ता सोडून शेताच्या बांधावरून चालूं लागल्या. चमचा व पेला यांतील अंतर आत्याबाईंना आधींच ठाऊक होतें; आम्हांस तें त्या बांधावर दिसलें.

या एकाच दृश्यावरून सर्व धंद्यास दोष देणें न्यायाचें होणार नाहीं, पण तें नजरेआड करणेंही बरें नव्हे. आपल्या राज्यांत वॉर्डांतील वा गांवांतील स्त्रियांनीं मतदान करून दारूचें दुकान बंद करविण्याची तरतूद आहे. 'उभी बाटली, आडवी बाटली' हे शब्द खेडोपाडीं परिचित झाले आहेत. २७ जानेवारी २०२२ रोजीं मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकूं देण्याचा निर्णय मंत्रिमंडळानें घेतला, तेव्हां द्राक्षबागाइतदारांच्या हिताचा दाखला देण्यांत आला होता. पण विरोध इतका झाला, कीं निर्णय अमलांत आला नाहीं. दोन्ही बाजूंना शेतकऱ्याचेंच नांव पुढें करण्यांत आलें. त्या शेतकऱ्याचें स्वतःचें काय म्हणणें आहे, तें आम्हांस विचारावयाचें होतें.

तो योग संध्याकाळीं आला. ज्यांच्या घरीं आम्ही राहिलों त्या मळेवाल्या गृहस्थांचे आठ एकर द्राक्षें आहेत. त्यांतील एकही एकर हल्लीं वाइनचा नाहीं. ओसरीवर बसून त्यांनीं कारण सांगितलें. २००५ च्या सुमारास त्यांनीं तीन एकरांत वाइनचीं द्राक्षें लाविलीं होतीं. कारखान्याशीं करार होता, भाव ठरलेला होता, गांवांत मान होता. २००८ सालीं जगभर मंदी आली, मुंबईवर २६ नोव्हेंबरचा हल्ला झाला, हॉटेलें ओस पडलीं, आणि टाक्यांतील वाइन टाक्यांतच राहिली. पुढील दोन हंगामांत नाशिककडील अनेकांचा माल पडून राहिला. नारायणगांवची ती जुनी कंपनीही कर्जांखालीं बुडाली.

"खाण्याचें द्राक्ष असतें तर टोपलींत घालून रस्त्यावर विकलें असतें," ते म्हणाले. "वाइनच्या द्राक्षाची साल जाड, मणी बारीक, आंत बिया. बाजारांत कोण घेणार? त्याला गिऱ्हाईक एकच, आणि त्यानें दार लाविलें कीं संपलें." त्यांनीं तीनही एकर वेल उपटून टाकिले. त्या रात्रीं आईनें जेवण केलें नाहीं, एवढें सांगून ते उठले व गुरांस वैरण घालावयास गेले.

पण या घराची कहाणी तेथें संपत नाहीं. मळे पाहावयास येणाऱ्या पाहुण्यांसाठीं त्यांनीं घराच्या दोन खोल्या मोकळ्या केल्या आहेत. त्यांच्या पत्नी बाजरीची भाकरी, शेवग्याच्या शेंगांची आमटी आणि ठेचा वाढतात. आमच्याबरोबर पुण्याचें एक कुटुंब तेथें उतरलें होतें. वाइनला त्यांच्यापैकीं कोणीही शिवलें नाहीं, मुलें मात्र दिवसभर मांडवाखालीं होतीं. वाइनच्या नांवानें माणसें या रस्त्यावर येतात, आणि या घरांतील भाकरीसाठीं पुन्हां येतात. आम्हीं त्या बाईंना विचारलें, "यांत तुमचा फायदा किती?" त्यांनीं हिशेबाची वही दाखविली नाहीं, म्हणाल्या, "द्राक्षाचे पैसे सोसायटीच्या खात्यावर जातात. हे माझ्या हातांत येतात."

परतीच्या प्रवासांत आम्हीं मनाशीं जमाखर्च मांडला. पर्यटनानें खेड्यास पैसा मिळतो, यांत शंका नाहीं. पण तो कोणाच्या हातीं पडतो, हें दोन गोष्टींवर अवलंबून असतें. पाहुणा ज्या वस्तूसाठीं येतो ती त्या मातींत खरोखर पिकणारी असली पाहिजे. आणि जमीन व चूल गांवकऱ्याच्या ताब्यांत राहिली पाहिजे. नाशिकचें द्राक्ष नाशिकचें आहे, म्हणून त्याच्याभोंवतीं खेडें उभें राहिलें. कासूच्या वरकसांत लाविलेली द्राक्षवेल केवळ शोभेची ठरेल. पावसाळ्यांत ती गळेल, वाइन घाटावरून बाटल्यांत येईल, पाहुणे शहरांतून येतील, आणि जमिनीचा मालक आपल्याच कुंपणाशीं पहारेकरी म्हणून उभा राहील.

माघ संपत आला होता तेव्हां आम्ही कासूस गेलों. मळणी होऊन खाचरें रिकामीं झालीं होतीं, आणि ओलीवर पेरलेला वाल शेंगांनीं लगडला होता. त्यांनीं आमच्यासाठीं पोपटीचा बेत केला होता. ज्यांनीं ही पाहिली नसेल त्यांच्यासाठीं थोडक्यांत सांगतों. मातीच्या मडक्याच्या तळाशीं भांबुर्डीचा पाला घालतात. त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, रताळीं, मीठ व ओवा यांचे थर देतात. तोंड पुन्हां पाल्यानें घट्ट बंद करतात, मडकें जमिनीवर पालथें घालतात आणि भोंवतीं पेंढा व काटक्या रचून पेटवितात. आंत पाण्याचा थेंब नसतो; शेंगा आपल्याच वाफेवर शिजतात. त्या घरीं एरवीं अंडीं वा कोंबडी घालतात. आमच्यासाठीं वेगळें मडकें लाविलें होतें, आणि तें आम्हांस न सांगतां. जाळ विझल्यावर मडकें उघडलें, तेव्हां भांबुर्डीचा जो रानवट सुगंध सुटला, त्याची बरोबरी नाशिकच्या तळघरांतील कोणत्याही पेल्यानें केली नव्हती. आत्याबाईंनीं तर तसें मोठ्यानें बोलून दाखविलें.

मग आम्हीं आमचें उत्तर दिलें. वेल लावूं नये. जमीन देऊं नये. घराची एक खोली व मागील अंगण नीट करून हिंवाळ्यांत पोपटीला आणि आषाढांत लावणी पाहावयास पाहुणे बोलवावेत. बारामतीजवळ पांडुरंग तावरे यांनीं २००५ सालीं कृषि–पर्यटनाचा आरंभ केला, आणि २०२० सालीं राज्य सरकारनेंही त्याचें धोरण काढलें आहे. नोंदणीचा मार्ग मोकळा आहे.

मुलगा गप्प होता. त्याला एकरकमी पैशांतून गाडी घ्यावयाची होती, आणि आम्हीं सांगितलेल्या वाटेनें गाडी येण्यास कांहीं वर्षें जातील हें त्यानें हिशेब करून ओळखलें होतें. तें खोटें नव्हतें, आणि आम्हीं तसें कबूल केलें. मुलाची आई इतका वेळ ऐकत होती. ती म्हणाली, "पाहुणे येतील तें ठीक. पण चार माणसांचा स्वैंपाक, भांडीं, अंथरुणें हें सारें करणार कोण? मी आणि सूनच ना?"

या प्रश्नास आमच्याजवळ तयार उत्तर नव्हतें. दिंडोरीकडील त्या बाईंचें वाक्य तेवढें आम्हीं तिला सांगितलें, कीं ते पैसे त्यांच्या हातांत येतात. ती कांहीं बोलली नाहीं. वाडीवरची एक कातकरी मुलगी कोपऱ्यांत शेंगा सोलीत बसली होती. तिचे आईबाप दरवर्षीं वीटभट्टीवर जातात. तिच्याकडे पाहून ती माउली एवढेंच म्हणाली, "हिच्या आईला बोलावीन मदतीला. भट्टीवर जायला नको मग तिला."

निघतांना आम्हीं जेवणाचे पैसे पुढें केले. त्या गृहस्थांनीं दोन्ही हात जोडून नाहीं म्हटलें. इतक्या वर्षांचा घरोबा, पैसे कसले घ्यावयाचे? त्यांच्या पत्नीनें पदराला हात पुसले, पुढें होऊन पैसे घेतले आणि म्हणाली, "आजचे घेतें. म्हणजे कामाची सुरुवात झाली." मुलगा प्रथमच हंसला.

होळीस अजून पंधरा दिवस आहेत. दलालास काय उत्तर जातें तें त्या घराच्या हातीं आहे, आणि तें तेथेंच असावें हें योग्य. आमच्या वाचकांस विनंति इतकीच, कीं पालीस जातांना वडखळ ओलांडल्यावर एकदां मोटारीचा वेग कमी करावा, आणि वालाचे दिवस असतील तर उतरावें.